आजीचे मत आणि आजीचे नाव

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



हीरक महोत्सव म्हटला की मागे वळून पाहणे ओघानेच येते. शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज जरा आणखी मागे जाणार आहे. आपल्या शाळेची पायाभरणी व्हायच्या कितीतरी आधी, याच प्रांतात, स्त्रीला मत असावे की नसावे यावर वाद झाले, ठराव झाले आणि निर्णयही झाला. त्या इतिहासाला आपल्या घरांत, आपल्या बोलण्यात फारसे स्थान मिळालेले नाही. त्याकडे जाण्याची वाट एका चित्रपटाने मोकळी करून दिली, म्हणून चित्रपटापासूनच सुरुवात करते.

या वर्षी महिला दिनाच्या निमित्ताने नववी-दहावीच्या विद्यार्थिनींना आणि त्यांच्या मातांना ‘सफ्रजेट’ हा २०१५ सालचा इंग्रजी चित्रपट आपण सभागृहात दाखवला. दिग्दर्शिका सारा गॅव्हरन. कथेची नायिका मॉड ही लंडनच्या एका धुलाईघरात लहानपणापासून राबणारी कामकरी बाई आहे. मताधिकाराच्या चळवळीत ती ओढली जाते, तुरुंगात जाते. नवरा तिला घराबाहेर काढतो आणि मुलाला परस्पर दत्तक देऊन टाकतो, कारण त्या काळच्या कायद्याने मुलावर हक्क बापाचा. या प्रसंगाला सभागृहात बसलेल्या मातांनी पदर डोळ्यांना लावले. मताचा प्रश्न हा कागदाच्या चिठ्ठीचा प्रश्न नसून आपल्या लेकरावरच्या हक्काचा प्रश्न आहे, हे त्या क्षणी कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

चित्रपटाचा शेवट खऱ्या चित्रफितीने होतो. ४ जून १९१३ रोजी डर्बीच्या शर्यतीत एमिली डेव्हिसन ही कार्यकर्ती राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी मरण पावली. तिच्या अंत्ययात्रेची त्या वेळी टिपलेली दृश्ये आपण पडद्यावर पाहतो. डर्बीचा तो प्रसंगही तेव्हाच्या वार्तापटांच्या छायाचित्रकारांनी टिपलेला आहे. ते आले होते शर्यत टिपायला. चौकटीत सापडली ती बाई. स्त्रियांचा इतिहास बहुधा असाच सापडतो. दुसऱ्याच कशासाठी तरी लावलेल्या कॅमेऱ्याच्या कडेला, दुसऱ्याच कोणासाठी तरी लिहिलेल्या कागदाच्या समासात.

नंतर पडद्यावर एक यादी सरकते. कोणत्या देशात स्त्रियांना मताधिकार कधी मिळाला, त्याची. एका देशाला एक साल. त्या यादीत भारतही आहे. ती वाचून दहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “बाई, आपल्याकडे कोणी लढलं होतं का?” मागच्या रांगेतून एका मातेनेच उत्तर दिले, “आपल्याला लढावं लागलं नाही गं, स्वातंत्र्याबरोबर सगळ्यांनाच मिळालं.” हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. ते अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे सांगण्यासाठीच आजचा विषय मी निवडला.

मंडळी, १९१३ हे साल आपणा मराठी माणसांना चित्रपटाच्या संदर्भात तोंडपाठ असते. एमिली डेव्हिसनच्या त्या घटनेच्या एकच महिना आधी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यातल्या तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण पडद्यावर यायला एकही स्त्री तयार होईना. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. ज्या काळात स्त्रीने पडद्यावर दिसणे हेच धाडस होते, त्या काळात आपल्या स्त्रियांच्या सभा आणि शिष्टमंडळे कोण चित्रित करून ठेवणार? त्यामुळे आपल्याकडच्या लढ्याच्या चित्रफिती जवळजवळ नाहीतच. जे आहे ते स्मरणग्रंथांत, इतिवृत्तांत आणि जुन्या वृत्तपत्रांत विखुरलेले आहे.

‘सफ्रजेट’मध्ये भारतीय स्त्रिया दिसत नाहीत, अशी टीका चित्रपट प्रदर्शित झाल्यावर झाली होती. ती निराधार नव्हती. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या प्रचंड मिरवणुकीत भारतीय स्त्रियांचे एक पथक होते आणि त्याचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंग या तर चळवळीत अग्रभागी होत्या. मत नाही तर कर नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी कर भरायचे नाकारले आणि त्यापायी आपले दागिने जप्त होऊ दिले. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या दाराशी उभे राहून चळवळीचे वृत्तपत्र विकणारी ही राजकन्या. काश्मीरच्या एका सहलीत मुंबईच्या हिराबाई टाटा यांची त्यांच्याशी गाठ पडली. सोफियांच्या अंगावरचा ‘स्त्रियांना मत’ असे लिहिलेला बिल्ला पाहून हिराबाईंनी चौकशी केली, आणि त्या एका बिल्ल्याने त्यांना या कामाकडे ओढले.

आता आपण आपल्या देशात येऊ. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांची चाचपणी करण्यासाठी मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. या शिष्टमंडळामागची मूळ कल्पना मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंची. निवेदनातली मागणी वाचली की आजही थबकायला होते. मताधिकाराचे नियम कराल तेव्हा ‘लोक’ या शब्दात स्त्रियाही धराव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. स्त्री ही ‘लोकां’त मोडते, हे लेखी मागावे लागले! त्या शिष्टमंडळात डॉ. जोशी नावाच्या एक मराठी डॉक्टर होत्या. त्याच पुढे ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे म्हणून प्रसिद्ध झाल्या. आज आपण ज्या राज्यात राहतो, त्या राज्याशी या लढ्याचा धागा असा पहिल्या दिवसापासून जोडलेला आहे.

निवेदन दिले आणि हक्क मिळाला, असे झाले नाही. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने स्त्रियांची मागणी फेटाळली. तेव्हा १९१९ मध्ये हिराबाई टाटा आपल्या तरुण कन्येला, मिठनला, बरोबर घेऊन लंडनला गेल्या, तेथील संसदीय समितीपुढे साक्ष दिली, सभा घेतल्या. एवढे करून त्या वर्षीच्या कायद्यात स्त्रियांना सरसकट मत मिळाले नाही. मिळाली ती एक पळवाट म्हणा किंवा फट म्हणा: प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाने हवे तर आपापल्यापुरता ठराव करून स्त्रियांवरील बंदी उठवावी. म्हणजे एकदा जिंकून भागणार नव्हते. प्रांताप्रांतांत, पुरुषांनीच भरलेल्या एकेका सभागृहापुढे, तोच लढा पुन्हा पुन्हा द्यायचा होता. चित्रपटातल्या यादीत देशापुढे एक साल लिहिणे सोपे असते. आपल्या देशाच्या वाट्याला प्रत्यक्षात अशी अनेक साले आली आहेत.

१९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी ठराव केले. मुंबई प्रांतातल्या या चळवळीची धुरा वाहणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२ साली घरोघरी पाहिली गेली, त्यामुळे पाटी-पेन्सिल घेऊन पतीपाशी अक्षरे गिरवणारी चिमुकली रमा आपल्या परिचयाची आहे. माधवरावांचे निधन १९०१ साली झाले. त्यानंतरच्या रमाबाई आपल्याला तितक्याशा परिचयाच्या नाहीत. पुण्याची सेवासदन संस्था उभारणाऱ्या, मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण हवे म्हणून पुण्याच्या रस्त्यावर स्त्रियांचा मोर्चा नेणाऱ्या आणि साठीच्या उंबरठ्यावर मताधिकारासाठी सभा भरवणाऱ्या रमाबाई. ‘पत्नी’ म्हणून आपण त्यांना प्रेमाने लक्षात ठेवले. ‘नागरिक’ म्हणून त्यांनी जे केले, ते मात्र विसरलो.

आणि आता आपले साल. जबलपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर. आपल्या प्रांताच्या कायदेमंडळाने स्त्रियांवरील बंदी उठवली ती १९२७ मध्ये. विद्यार्थिनींनो, तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर हे आहे. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, नागपूरच्या अनसूयाबाई काळे आपल्या प्रांताच्या कायदेमंडळात नियुक्त झाल्या आणि १९३७ मध्ये विधानसभेच्या उपसभापतीही झाल्या. आपल्या जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान याच प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. झाशीच्या राणीवरची त्यांची कविता आपल्या शाळेतली मुले हिंदीच्या तासाला पाठ करतात. पण ती लिहिणारी बाई झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेली होती आणि विधानसभेत बसत होती, हे सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. महापालिकेसमोरून जाताना त्यांच्या पुतळ्याकडे यापुढे या नजरेनेही पाहावे.

या कथेत सगळेच उजळ आहे असे मी म्हणणार नाही. १९२७ मध्ये मिळालेले मत सगळ्या स्त्रियांना मिळाले नव्हते. पुरुषांनाही तेव्हा जमीन, कर, मिळकत यांच्या अटींवरच मत होते आणि त्याच अटी स्त्रियांना लागू झाल्या. आता सांगा, त्या काळात किती स्त्रियांच्या नावावर जमीन होती? दार उघडले, पण आत शिरण्याचे भाडे बहुतेकींच्या पदरी नव्हते. १९३५ च्या कायद्याने अट सैल झाली आणि मिळकतदाराची पत्नी किंवा साक्षर स्त्री मतदार होऊ शकली. तरीही मोलमजुरी करणारी, निरक्षर, भूमिहीन स्त्री बाहेरच राहिली. तिच्यासाठी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरणारे मोठे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सायमन आयोगाच्या वेळीच त्यांनी प्रत्येक प्रौढाला, स्त्री असो वा पुरुष, मत हवे अशी मागणी केली होती. जुलै १९४२ मध्ये नागपुरात, म्हणजे आपल्याच प्रांताच्या राजधानीत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली आणि हजारो स्त्रियांनी तेथे ठराव केले. ‘स्वातंत्र्याबरोबर सगळ्यांनाच मिळालं’ हे वाक्य खरे ठरावे म्हणून त्याआधी इतक्या जणींनी इतके कष्ट घेतले होते.

मग स्वातंत्र्य आले, संविधान आले आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. येथे चित्रपट पुन्हा आपल्या कथेत येतो. मतदान म्हणजे काय आणि मतदाराचे कर्तव्य कोणते, हे समजावणारा एक माहितीपट देशभरातल्या तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते, त्या देशाने लोकशाहीचा पहिला धडा पडद्यावरून गिरवला. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी रेल्वेच्या किंवा तोफगाडी कारखान्याच्या वसाहतीत राहून, आठवड्याची सुटी साधून सिनेमा पाहिला असेल. आणि आवडत्या नटनटीच्या आधी पडद्यावर झळकलेला तो धडाही पाहिला असेल.

परंतु धडा शिकवूनही एक अडचण राहिली, आणि आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मतदारयाद्या करणारे कर्मचारी दारोदार गेले तेव्हा लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, फलाण्याची मुलगी, एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला बाईमाणसाने नाव सांगायचे नसते, ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, की मतदार म्हणून नोंदायचे तर स्वतःचे नाव हवे. मुदत देऊनही ज्यांची नावे मिळाली नाहीत त्या वगळल्या गेल्या. देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख. त्यांतल्या पुष्कळशा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या. यांतले मध्य भारत आणि विंध्य प्रदेश हे भाग आज आपल्याच राज्यात आहेत. कायदा झाला होता, मतपेटी तयार होती, बोटाला लावायची शाई तयार होती. अडले ते नावापाशी.

आपण मराठी माणसे यावर हसू शकत नाही. आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यात घ्यायचे असते हे सगळे सांगतात. बायकोचे नाव कोठे घ्यायचे, हे कोणी सांगत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले की माहेरची कृष्णा सासरची जानकी होते, आणि दोन पिढ्यांनंतर नातवंडांना कृष्णा कोण हे ठाऊकही नसते. आपल्या शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या मी या महोत्सवाच्या निमित्ताने चाळल्या. पानेच्या पाने मुलांची नावे, वडिलांची नावे, वडिलांचे व्यवसाय. ज्या मातांनी बोट धरून त्या मुलांना पहिल्या दिवशी या दारात आणले, त्यांची नावे त्या रकान्यांत नाहीत. यात कोणा एकाचा दोष नाही. काळाची रीत होती. पण रीत म्हणून जे पुसले गेले, ते आपण हेतुपूर्वक पुन्हा लिहू शकतो.

हे काम आपणच का करावे, असे कोणी विचारील. हिंदीभाषक शहरात मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, हा प्रश्न मला पालक नेहमीच विचारतात, आणि आजच्या विषयातून त्याचे एक उत्तर मिळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ एकीकडे गेले, जबलपूर दुसरीकडे राहिले. १९२७ च्या त्या निर्णयाचे सभागृह आज एका राज्यात आणि तो ज्यांना लागू झाला त्या स्त्रियांपैकी पुष्कळशा दुसऱ्या राज्यात. महाराष्ट्राचा इतिहास लिहिणारा मुंबईच्या १९२१ पाशी थांबतो, मध्य प्रदेशाचा इतिहास लिहिणारा १९५६ पासून सुरुवात करतो. मधल्या शिवणीत आपल्या प्रांताचे साल हरवून जाते. या शिवणीवर राहणारे आपण, जबलपूरचे मराठी लोक, दोन्ही भाषांतली जुनी वृत्तपत्रे, पत्रे आणि आठवणी वाचू शकतो. दोन्ही भाषा घरात असणे हे ओझे नाही, ती या हरवलेल्या पानांची किल्ली आहे. पुढच्या पिढीला मराठी वाचता आले नाही, तर आजीच्या पेटीतली पत्रे तिच्यासाठी केवळ रद्दी ठरतील.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालकांपुढे मी एक साधी विनंती ठेवते. शाळेच्या ग्रंथालयात आजपासून एक वही ठेवली आहे. तिचे नाव ‘आजीची वही’. तिच्यात प्रत्येकाने आपल्या आजीविषयी, शक्य असल्यास पणजीविषयी, चार गोष्टी लिहायच्या: माहेरचे नाव, सासरचे नाव, मूळ गाव, आणि पहिले मत कोठे व केव्हा दिले याची घरात कोणाला आठवण असेल तर ती. लांबच्या माजी विद्यार्थ्यांनी पत्राने कळवावे. घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांना हे विचारण्याचे काम नातवंडांवर सोपवा. आणि उत्तर “काय करायचंय नावाचं?” असे आले, तर पुन्हा विचारा. सुकुमार सेन यांच्या कर्मचाऱ्यांना मुदत होती. आपल्याला तेवढीही घाई नाही. मात्र ज्यांना विचारायचे त्यांची वये पाहता फार उशीर करूनही चालणार नाही.

माझ्या विद्यार्थिनींना मी वेगळे काम सांगते. चित्रपट जरूर पाहा, पण तो संपल्यावर दिवे लागले की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: या चौकटीत कोण नाही? आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की मतदारयादीत आपले नाव स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात भरा. ते लिहायला तुम्हाला क्षणभर लागेल. तो क्षण सोपा व्हावा म्हणून मद्रासपासून मुंबई-नागपूरपर्यंत किती जणींनी आयुष्ये वेचली, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

 वही ग्रंथालयात दाराजवळच्या टेबलावर आहे. जाताना पहिली पाने भरून जावीत, ही नम्र विनंती.